ऑटिझम असताना रुग्णालयात राहणं: दाखल होण्याआधीपासून घरी येईपर्यंत

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक एकच आहे. ओपीडीत डॉक्टरांना ऑटिझमबद्दल सांगितलं जातं, डॉक्टर मान डोलावतात, आणि घरच्यांना वाटतं की आता सगळ्या रुग्णालयाला कळलं. रात्री अडीचला रक्त घ्यायला येणाऱ्या सिस्टरला मात्र यातलं काहीच माहीत नसतं. ती दिवा लावते, हात धरते, आणि पुढचे दोन तास सगळा वॉर्ड जागा राहतो. तिचा यात दोष नाही. तिच्या हातातल्या कागदावर ते लिहिलेलंच नव्हतं.

म्हणून या लेखात क्रमाला महत्त्व आहे. कोणती गोष्ट कोणाला, कधी आणि कशावर लिहून द्यायची, ते पुढे टप्प्याटप्प्याने दिलं आहे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली रुग्णालयं डोळ्यांसमोर ठेवली आहेत: जिल्हा रुग्णालय, तालुक्याचं उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय आणि गावातलं वीस-पंचवीस खाटांचं खासगी हॉस्पिटल. 'तुम्ही' म्हणजे ऑटिस्टिक व्यक्ती स्वतः. दाखल होणारं मूल असेल किंवा बोलून सांगू न शकणारी मोठी व्यक्ती असेल, तर तेच सोबत्याने तिच्या वतीने करायचं.

१. एक पान तयार करा

हे पान दाखल होण्याच्या किमान आठवडाभर आधी लिहून तयार हवं. तब्येत ठणठणीत असतानाच लिहून ठेवलंत तर उत्तम, कारण अपेंडिक्स सांगून येत नाही.

एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. इंग्रजी बाजू लागतेच, कारण पुढे गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात किंवा मुंबईला पाठवलं तर तिथले डॉक्टर मराठी वाचणारे असतीलच असं नाही. एका पानाच्या वर जाऊ नका, दुसरं पान वॉर्डात कोणी उलटत नाही. 'स्वमग्नता' हा शब्द प्रमाणपत्रासाठी ठीक आहे, पण पानावर 'ऑटिझम' लिहा. डॉक्टर आणि सिस्टर हाच शब्द शिकलेले असतात. 'स्वमग्न' वाचून पुष्कळांना वाटतं की माणूस आपल्याच तंद्रीत आहे, त्याला काही कळत नाही.

मजकुराचा क्रम असा ठेवा: नाव, वय आणि संवाद कसा करायचा, ॲलर्जी, फिट्स आणि चालू औषधं, अंगाला हात लावण्याआधी काय करायचं, दुखतंय हे कसं ओळखायचं, त्रास वाढत चालल्याच्या खुणा, सोबत कोण आणि त्याचा फोन. औषधाचं नाव, ताकद, वेळ आणि कंपनी, चारही लिहा. वॉर्डातून त्याच औषधाची दुसऱ्या रंगाची गोळी आली की ती नाकारली जाते आणि शेऱ्यात 'रुग्ण औषध घेत नाही' एवढंच राहतं.

नमुना म्हणून वरचा भाग असा असू शकतो:

"मला ऑटिझम आहे. वय २३. मला सगळं ऐकू येतं आणि समजतं, पण उत्तर द्यायला दहा सेकंद लागतात. तोवर प्रश्न पुन्हा विचारू नका. हात लावण्याआधी कुठे लावणार ते सांगा. हलका स्पर्श सहन होत नाही, घट्ट धरलेलं चालतं. मी डोळ्यांत बघत नाही, तरी माझं लक्ष असतं. दुखलं की मी बोलायचं थांबतो आणि डावा कान दाबतो. मी पुढेमागे डुलतो तेव्हा स्वतःला शांत करत असतो. थांबवू नका."

घरी मालवणी किंवा दुसरी बोली बोलत असाल तर नेहमीचे दहा-बारा शब्द पानावर तसेच्या तसे लिहा. घरात 'खंय दुखता?' असं विचारलं जात असेल तर 'कुठे दुखतंय तुम्हाला?' या प्रश्नाला उत्तर न येणं अगदी शक्य आहे. दुखणं, लघवी, संडास, पाणी, नको, थांबा, घरी: एवढे शब्द तरी हवेतच. न बोलणाऱ्या व्यक्तीसाठी याच शब्दांची चित्रकार्डं करा. ती मोबाइलवर असली तरी एक संच कागदावर ठेवा. ज्या हाताने बोट दाखवायचं त्याच हाताला सलाईन लागलं किंवा मोबाइलची बॅटरी संपली, तर कागदच कामाला येतो.

सावध: 'हट्टी', 'मारकुटा', 'अग्रेसिव्ह' असे शब्द पानावर लिहू नका. ते केसपेपरवर उतरतात आणि मग प्रत्येक पाळीतली सिस्टर आधी झोपेच्या इंजेक्शनचा विचार करते. त्याऐवजी कारण आणि उपाय लिहा: "तोंडाजवळ अचानक हात आला तर चावू शकतो. आधी हात दाखवा, मग जवळ आणा."

पाच प्रती काढा. एक केसपेपरला टाचायला, एक खाटेच्या डोक्याशी, एक ऑपरेशन थिएटरसाठी, एक सोबत्याच्या खिशात, एक रुग्णवाहिकेसाठी. पावसाळ्यात कागद दोन दिवसांत दमट होऊन फाटतो, म्हणून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. फोनमध्ये फोटो असू द्या.

२. तारीख आणि आधीची भेट

ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर तारीख निवडायचा हक्क वापरा. गणपती आणि शिमग्याच्या आसपासचा आठवडा टाळा. कर्मचारी कमी असतात, घरचे दमलेले असतात, आणि मुंबईहून आलेले सगळे चाकरमानी नातेवाईक एकाच दिवशी भेटायला येतात. यादीत पहिला नंबर मागा. उपाशी राहण्याचा वेळ त्याने कमी होतो आणि 'आता बोलावतील, मग बोलावतील' हे टळतं. न कळणाऱ्या वेळेची वाट बघणं हे कित्येकांना सुईपेक्षा अवघड जातं.

दाखल होण्याआधी एकदा रुग्णालय नुसतं बघून या. सकाळची पहिली एसटी आली की केसपेपरच्या खिडकीवर रांग लागते, त्यामुळे सकाळी जाऊ नका. दुपारी ओपीडी संपल्यावर किंवा संध्याकाळी भेटीच्या वेळेत जा. मुख्य परिचारिकेला भेटा. वॉर्डात कोणाची खाट कुठे, हे बहुधा त्याच ठरवतात. त्यांना तीन गोष्टी विचारा: भिंतीकडची कोपऱ्यातली खाट मिळेल का, रात्री सोबती राहू शकेल का, पाळ्या किती वाजता बदलतात. मग जिना, वॉर्ड, संडास आणि खिडकीतून दिसणारं दृश्य यांचे फोटो काढा. फोटोत इतर रुग्ण येऊ देऊ नका. पुढचा आठवडाभर रोज एकदा ते फोटो बघायचे.

संडास जरूर बघा. तो भारतीय पद्धतीचा असेल आणि ऑपरेशन पोटाचं किंवा गुडघ्याचं असेल, तर उकिडवं बसता येणार नाही. मग कमोडची खुर्ची किंवा भांडं वापरावं लागतं. पहिल्यांदाच, दुखत असताना आणि परक्या माणसासमोर ते जमत नाही. लघवी अडते आणि नळी घालावी लागते. घरी आठवडाभर सराव केला तर पुष्कळदा हे टळतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे. त्याच्या कलम २५ मध्ये तपासणी आणि उपचारात प्राधान्य देण्याची तरतूद आहे. हे वाद घालण्यासाठी वापरू नका. केसपेपरच्या खिडकीवर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) पुढे करून शांतपणे सांगा. कार्ड काढलेलं नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुलांच्या बाबतीत तिथल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातले लोक पानावरचा मजकूर नीट करायलाही मदत करू शकतात.

खर्चाचं आधीच बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा रुग्णालयातला माणूस) दाखल होण्याआधी रेशन कार्ड आणि आधार दाखवा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत नाव असेल तर वर्षाला एक लाखापर्यंतचं विमा संरक्षण आहे. त्यासाठी मूळ बिलं आणि चिठ्ठ्या एकाच पाकिटात ठेवा.

तपासा: वय १८ पूर्ण असेल तर संमतीपत्रावर सही तुमची. फॉर्म आदल्या दिवशी मागून घ्या आणि घरी वाचा. कायदेशीर पालक नेमलेला असेल (ही नेमणूक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती करते) तर त्या आदेशाची प्रत फाइलमध्ये हवी.

३. पिशवी

नवी कोरी वस्तू एकही नको. धुऊन मऊ झालेली चादर, उशीचा अभ्रा, पुढून बटणाचे दोन-तीन सुती शर्ट (लेबल कापलेले), नेहमीचा पेला, ताट-चमचा, साबण. वॉर्डात फिनेल आणि स्पिरिटचा वास सतत असतो, त्यासाठी घरच्या वासाचा रुमाल. कानात घालायचे बोळे आणि वरून लावायचे हेडफोन दोन्ही घ्या, कारण कुशीवर झोपल्यावर हेडफोन टोचतात. ट्यूबलाइटच्या उजेडासाठी पुढे झाप असलेली टोपी. हातात फिरवायची, चावायची, दाबायची जी काही नेहमीची वस्तू असेल तिच्या दोन प्रती. एक पॉवरबँक आणि एक टॉर्च. पावसात वीज गेली की अंधार आणि जनरेटरचा दणका एकदमच येतो. 'वीज गेली तर असा आवाज होईल' हे आधी सांगून ठेवा. आवडीची गाणी आणि व्हिडिओ फोनमध्ये उतरवून घ्या. वॉर्डात नेटवर्क मिळेल हे गृहीत धरू नका.

४. दाखल होताना

इथे क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं. सोबती दोन हवेत. एक खिडकीवर कागद करेल, दुसरा तुमच्याबरोबर बाहेर, व्हरांड्यात किंवा गाडीत थांबेल. खाट तयार झाल्याचा फोन आल्यावरच वॉर्डात जा.

वॉर्डात गेल्यावर आधी पान, मग सामान. पान ड्यूटीवरच्या सिस्टरच्या हातात द्या आणि "हे केसपेपरला टाचाल का?" असं विचारा. टाचलेलं डोळ्यांनी बघा. एक प्रत खाटेशी लावा. चालू औषधं उपचाराच्या कागदावर लिहून घेतली आहेत का, तेही लगेच बघा, विशेषतः फिट्सची. ऑटिझमबरोबर फिट्सचा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि दाखल होण्याच्या गडबडीत एक-दोन डोस चुकले तर फिट येऊ शकते.

हातातली ओळखपट्टी सहन होत नसेल तर ती घोट्याला बांधायला सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं चिमट्यासारखं यंत्र पायाच्या बोटालाही चालतं. रक्तदाबाचं यंत्र ठराविक वेळाने आपोआप हात आवळत असेल, तर किती मिनिटांनी ते विचारा आणि कागदावर लिहून समोर ठेवा. माहीत असलेलं आवळणं सोसतं.

आता शब्दांबद्दल थोडं सविस्तर, कारण हे कोणी सांगत नाही. वॉर्डातली साधी बोलणी शब्दशः घेतली की घोटाळा होतो. 'मावशी येतील' म्हटल्यावर आपली मावशी येणार असं वाटतं आणि अनोळखी बाई येते. 'थिएटरला न्यायचंय' म्हणजे सिनेमा नव्हे. 'मुंगी चावल्यासारखं होईल' ऐकून मुंगी शोधली जाते. 'दोन मिनिटांत आले' म्हणून गेलेल्या सिस्टर पाऊण तासाने येतात आणि तेवढ्यात त्यांच्यावरचा विश्वास उडालेला असतो. सोबत्याने हे शब्द तिथल्या तिथे बदलून सांगावेत: "कामाच्या बाई येतील, निळी साडी." "ऑपरेशनच्या खोलीत जायचंय." "टोचेल. पाच मोजेपर्यंत दुखेल." आणि वेळ ठाऊक नसेल तर "किती वाजता ते माहीत नाही, कळलं की सांगते." हे शेवटचं वाक्य खोट्या दिलाशापेक्षा जास्त आधार देतं.

सावध: 'काही होणार नाही' हे कोणीही म्हणू नये, अगदी आजीनेही.

५. सुई आणि सलाईन

पहिली सुई नीट गेली तर बाकीचे दिवस सुसह्य जातात. ती झटापटीत गेली तर पुढच्या प्रत्येक पांढऱ्या कपड्याची धास्ती बसते. म्हणून तातडी नसेल तर इथे घाई करू देऊ नका.

(१) डॉक्टरांना विचारून कातडी बधिर करणारी क्रीम आणा. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन एकत्र असलेली ही क्रीम प्रिलॉक्स या नावाने मिळते. तान्ह्या बाळाला, किंवा जी-सिक्स-पीडीची (रक्तपेशींतल्या एका एन्झाइमची) कमतरता असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावायची नाही. जखमेवर लावायची नाही.

(२) शीर कुठे बघणार ते सिस्टरना विचारा आणि दोन जागांवर जाडसर थर द्या. चोळू नका. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. ६० मिनिटं थांबा. वीस मिनिटांत पुसलेली क्रीम काहीच काम करत नाही, आणि मग 'क्रीमचा उपयोग होत नाही' असं ठरवलं जातं. कातडी पांढुरकी दिसली तर घाबरू नका, तसं होतं.

(३) हात कोणता, ते तुम्ही ठरवा. लिहायचा, बोट दाखवायचा, स्वतःला शांत करताना हलवायचा हात मोकळा राहिला पाहिजे.

(४) क्रीम पुसल्यावर सिस्टरना एकच विनंती: आज जेवढं रक्त तपासायला लागणार आहे तेवढं सगळं याच वेळी, याच सुईतून घ्या. सगळ्या तपासण्या लिहून झाल्या आहेत का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलेलं असावं.

(५) एकच माणूस बोलेल. पट्टा बांधणार, पुसणार, टोचणार: प्रत्येक कृतीआधी एक शब्द. स्पिरिटचा गारवा अनपेक्षित असतो, तोही सांगायचा. बघायचं की नाही हे तुम्ही ठरवा. काहींना बघितल्यावर बरं वाटतं. जबरदस्तीने तोंड फिरवू नये.

(६) दोन प्रयत्न फसले तर थांबा. पंधरा मिनिटांनी दुसऱ्या, जास्त सराव असलेल्या व्यक्तीने करावं.

(७) झाल्यावर हे नक्की सांगा: सुई बाहेर काढलेली आहे, आत फक्त मऊ प्लास्टिकची बारीक नळी आहे. ती काढलेली सुई दाखवता आली तर दाखवा. सुई आतच आहे असं समजून दोन-दोन दिवस हात न हलवता लाकडासारखी पडून राहणारी माणसं असतात, आणि कोणालाही कळत नाही की ती का जेवत नाहीत.

वरून क्रेप बँडेज सैल गुंडाळा किंवा जुन्या मोज्याचा पंजा कापून तो वर चढवा. नळी नजरेआड गेली की ओढली जात नाही. पण जागा दर पाळीला उघडून बघायला हवी. सूज, लाली किंवा गारठा दिसला तर लगेच सांगा. सलाईनची बाटली संपली की लांब नळी सोडवून फक्त टोपण लावून ठेवायला सांगा. तीनेक दिवसांनी जागा बदलावी लागू शकते, ते आजच कॅलेंडरवर लिहा.

६. ऑपरेशनचा दिवस

उपाशी किती वेळ राहायचं ते भूलतज्ज्ञांना थेट विचारा. साधारण नियम असा: हलकं खाणं सहा तास आधी, जड किंवा तेलकट आठ तास आधी, आणि स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत. 'रात्री बारानंतर काही नाही' हा सरसकट निरोप सोपा म्हणून दिला जातो. नंबर दुपारी असेल तर तो निष्कारण छळ ठरतो. तुमच्यासाठीची वेळ लिहून घ्या आणि तीच पाळा. सकाळचं फिट्सचं औषध घोटभर पाण्याबरोबर घ्यायचं का, हेही त्याच वेळी विचारा. स्वतःहून बंद करू नका.

भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी विचारायच्या गोष्टी:

खोलीतून नेण्याआधी गुंगी आणणारं औषध देता येईल का. भूल मास्कने देणार की सुईतून. मास्कला वास असतो, तो सहन होईल का. डोळा लागेपर्यंत सोबती जवळ राहील का. जाग येण्याआधी त्याला आत बोलावतील का. लघवीची नळी लागणार असेल तर भूल चढल्यावर घालता येईल का. कान साफ करणं, दात बघणं, नखं कापणं, राहिलेलं रक्त घेणं असं जे जागेपणी जमत नाही ते याच भुलीत उरकता येईल का. आणि शल्यचिकित्सकांना विचारा, विरघळणारे टाके घालता येतील का. टाके काढायची एक फेरी वाचणं म्हणजे एक अख्खी लढाई वाचणं.

रिस्पेरिडोन (चिडचिड कमी करायला दिलं जाणारं औषध) चालू असेल तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. उलटीसाठी सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड त्याच्या जोडीने टाळलेलं बरं असतं. त्याने स्नायू आखडू शकतात किंवा इतकी बेचैनी येते की माणूस खाटेवर टिकत नाही, आणि दोष ऑटिझमला दिला जातो.

कमरेत भूल देणार असतील तर तयारी वेगळी. तुम्ही जागे असाल, आवाज ऐकू येतील, पाय आपले नाहीत असं वाटेल, आणि काही तासांनी पाय परत येतील. हे आधी माहीत नसेल तर पाय गेले असंच वाटतं. हेडफोन चालतील का, विचारा.

तपासा: थिएटरकडे निघताना पानाची प्रत फाइलच्या वर आहे का. आतले लोक वॉर्डातले नसतात. त्यांना सगळं पहिल्यापासून नवीन असतं.

७. वॉर्डातले दिवस

पाळ्या बऱ्याच ठिकाणी सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ च्या सुमारास बदलतात. नवीन सिस्टर आल्या की दहा मिनिटांनी, त्यांची गडबड ओसरल्यावर, पानाकडे बोट दाखवा आणि रात्रीच्या पाळीला एक प्रश्न जरूर विचारा: "रात्री किती वाजता काय करायचंय?" दोनचं तापमान आणि चारचं इंजेक्शन एकाच फेरीत बसत असेल तर त्या बसवतात. विचारल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही.

दुखण्याची औषधं 'दुखलं तर मागा' अशी लिहिलेली असतात. मागता येत नसेल तर ती ठराविक वेळेने द्यायला सांगा. 'दहापैकी किती दुखतंय?' हा आकडा पुष्कळांना सांगता येत नाही. 'दुखतंय का?' ला 'नाही' उत्तर येतं, कारण जे होतंय ते जळणं किंवा ओढल्यासारखं असतं. शरीराचं चित्र काढा, जागा दाखवू द्या, आणि जळतंय, टोचतंय, दाबल्यासारखं, ओढल्यासारखं असे पर्याय द्या.

खाण्याचं. पातळ आहार सुरू झाला की पेज चालेल का ते डॉक्टरांना विचारा. कोकणात हा मोठाच आधार आहे: ओळखीची चव, ओळखीचा वास, मिठाचा अंदाज घरचा. पण घरी शितं असलेली पेज खाणाऱ्याला गाळलेली पेज म्हणजे दुसराच पदार्थ वाटू शकतो, तेव्हा घरात आधी दोनदा करून बघा. नेहमीच्या कंपनीची बिस्किटं, नेहमीच्या पुड्यातली, सोबत असू द्या.

सावध: आवडीच्या खाण्यात औषध लपवू नका. एकदा चव लागली की औषध तर जातंच, तो पदार्थही कायमचा जातो, आणि जिथे खाण्याचे पदार्थच सहा-सात असतात तिथे हे नुकसान फार मोठं आहे. गोळी कुस्करायचीच असेल तर विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ फिट्ससाठीच्या व्हॅल्प्रोएटच्या, कुस्करायच्या नसतात.

भेटायला येणारे. शहाळं आणि बिस्किटाचा पुडा घेऊन अर्धी वाडी येते. माया असते म्हणूनच येते. पण खाटेभोवती आठ माणसं, सगळी एकदम बोलणारी, हे झेपत नाही. एका नातेवाइकाला व्हरांड्यात बसवा, त्याने सगळ्यांना तिथेच भेटावं आणि खुशाली सांगावी. आत एका वेळी एक, पाच मिनिटं, तेही तुम्ही हो म्हटलंत तर. देवाला गाऱ्हाणं घालून कोणी अंगारा आणला तर कपाळाला न लावता पुडी उशीखाली ठेवायला सांगा. मोठी माणसं ते समजून घेतात, फक्त सांगणारा घरातला वडीलधारा असावा.

८. भडका उडाला किंवा गोठून गेलात तर

रडणं, ओरडणं, नळ्या ओढणं, डोकं आपटणं हा भडका. बोलणं बंद, डोळे मिटलेले, हाकेला उत्तर नाही, हे गोठणं. या गोठण्याला वॉर्डात 'शांत झाला' म्हणतात, आणि ते चुकीचं आहे. त्रास तेवढाच असतो.

सोबत्याने आधी शरीर तपासायचं, या क्रमाने: सलाईनची जागा सुजली आहे का? शेवटची लघवी कधी झाली? संडासला किती दिवस झाले? शेवटचं खाणं कधी? गेल्या काही तासांत नवीन औषध सुरू झालंय का? ताप? यातलं काही सापडलं तर सिस्टरना ते नेमकं सांगा: "सकाळी सातपासून लघवी नाही." नुसतं 'अस्वस्थ आहे' म्हटलं की नुसतं शांत करायचं औषध मिळतं.

मग भोवतीचं. दिवा बंद किंवा टोपी. बाकीचे सगळे बाहेर. एकच माणूस, कमी शब्द, प्रश्न नाहीत. हात लावायचा तर पानावर लिहिल्याप्रमाणे. निदान वीस मिनिटं काही मागायचं नाही. शांत झाल्यावरही लगेच 'आता इंजेक्शन घेऊया' नको.

हात बांधायची वेळ आली असं कोणी म्हटलं तर तीन प्रश्न विचारा: कशासाठी, किती वेळ, दुसरं काय करता येईल? नळी झाकणं, हाताला जाड बँडेजचा गुंडाळा, सोबत्याने हात घट्ट धरणं, डॉक्टरांनी ठरवलेलं औषध, हे आधीचे पर्याय आहेत. पालथं दाबून धरणं किंवा छातीवर भार देणं कधीही नाही. त्याने श्वास कोंडतो.

सावध: सगळं ऑटिझमवर ढकलू नका. पावसाळ्यात ताप, पोटऱ्या दुखणं, लघवी कमी होणं, डोळे पिवळे होणं आणि त्यात बरळणं किंवा माणसं न ओळखणं असं दिसलं, तर ते लेप्टोसारखं (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला जंतुसंसर्ग) गंभीर असू शकतं. "हा नेहमी असा नसतो" हे वाक्य डॉक्टरांना ठामपणे आणि पुन्हा पुन्हा सांगा. तुमच्याइतकं ते दुसऱ्या कोणालाच माहीत नाही.

९. अचानक जावं लागलं किंवा पुढे पाठवलं तर

१०८ ला फोन करताना पत्त्यानंतर लगेच सांगा: "रुग्णाला ऑटिझम आहे, आवाज सहन होत नाही, सोबत एक जण येणार." गाडीत कानात बोळे आधी, पट्टे नंतर. भोंगा गरज नसताना बंद ठेवता येईल का ते चालकाला विचारा. सिंधुदुर्गातून बांबोळीला किंवा घाट चढून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जायचं असेल तर किती तास लागतील ते सांगा, वळणांनी मळमळेल हे सांगा, आणि डॉक्टरांना निघण्याआधी उलटीचं योग्य औषध विचारा. नवीन ठिकाणी पुन्हा टप्पा ४ पासून सुरुवात. जुन्या रुग्णालयाने फोन करून कळवलं असेल असं धरून चालू नका.

तयारीला वेळच नसेल तर तीन गोष्टी तरी उचला: पान, औषधांची पिशवी, हेडफोन.

१०. घरी जाताना

'आज घरी' हे शब्द कागद हातात पडेपर्यंत उच्चारू नका. डॉक्टर सकाळी राउंडला सोडतो म्हणतात; बिल, योजनेचे कागद, औषधं होईपर्यंत दुपारचे चार वाजतात. मधले सहा तास भयंकर जातात. सोबत्याने कागद पुरे करावेत, मगच सांगावं.

चिकटपट्टी ओरबाडू देऊ नका. जखमेपासून दूरची पट्टी खोबरेल तेलाने भिजवून दहा मिनिटांनी सोडवली तर केस ओढले जात नाहीत. डिस्चार्जच्या कागदावर ऑटिझमची नोंद, औषधांच्या वेळा, कोणत्या लक्षणांवर परत यायचं आणि फेरतपासणीची तारीख एवढं असल्याची खात्री करा. फेरतपासणीची वेळ ओपीडीच्या सुरुवातीची किंवा अगदी शेवटची मागा.

घरी आल्यावर पहिले काही दिवस जास्त झोप, कमी बोलणं, आधी जमणाऱ्या गोष्टी न जमणं हे होतं. त्या दिवसांत पाहुणे नकोत, शाळा-काम नको, जेवणात नवं काही नको. पण खाणंपिणं सुटलं, ताप आला, जखम चिघळली किंवा आठवडा उलटूनही बोलणं परतलं नाही, तर डॉक्टरांना फोन करा.

आणि पान पुन्हा काढा. या खेपेला कोणती सिस्टर कशी बोलली की बरं वाटलं, कोणता हात सोयीचा पडला, क्रीम किती वेळ ठेवली, कोणत्या औषधाने बेचैनी आली, हे आठवतंय तोवर त्यात लिहून ठेवा.